दोनदा लिहिलेला सतरा

एका पत्राला मी एकोणीस वर्षे उत्तर दिले नाही. पत्र गहाळ झाले नव्हते, पत्ता स्वच्छ लिहिलेला होता आणि मी ज्या वाचनालयात नोकरीला होतो त्याच्या दारापासून टपालपेटी चाळीस पावलांवर होती. तेव्हा सांगण्यासारखी सबब माझ्याकडे नाही.

पत्र एका गॅरेजच्या जॉबकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होते. पुढच्या बाजूला गाडीचा नंबर, किलोमीटर, तक्रार असे रकाने छापलेले होते. 'तक्रार' या शब्दापुढची जागा रिकामी होती. मागे निळ्या शाईत लिहिले होते:

'रविवारच्या शर्यतीत छोट्या गाड्यांच्या फायनलला सतरा नंबरची गाडी मी चालवत होते. तुम्ही जोकरच्या झोपडीत होता. निकालात लिहिलंय की मी जोकर घेतला नाही. मी तिसऱ्या फेरीत घेतला. कप नको, ज्याला दिला त्याच्याकडे राहू दे. पण वडिलांना वाटतं मी विसरले. गाडी त्यांनी दोन वर्षं खपून बांधली, आणि सुटायच्या आधी मला एकच गोष्ट सांगितली होती. तुम्ही पाहिलं असेल तर दोन ओळी लिहा. माझ्या नावाने नको, वडिलांच्या नावाने पाठवा. गॅरेजची पाकिटं तेच फोडतात.'

जोकर म्हणजे काय ते सांगायला हवे. मलाही ते मेहुण्याने तीनदा समजावले होते.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो रॅलीक्रॉसच्या क्लबात शर्यतप्रमुख होता. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत क्लबने वाट आखली होती. निम्मी डांबराची, निम्मी मातीची. पाच-सहा गाड्या एका रेषेत उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की एकदम सोडायच्या. फेरी एक किलोमीटरची, फायनलला फेऱ्या सहा, म्हणजे चहाचा कप निवेपर्यंत सगळा खेळ खलास. या वाटेला एका ठिकाणी फाटा फुटतो. तो लांबचा वळसा, त्यात चार-पाच सेकंद जास्त जातात. तो वळसा म्हणजे जोकर. प्रत्येक गाडीने प्रत्येक शर्यतीत तो एकदा घ्यायचाच. कितव्या फेरीत, ते ज्याचे त्याने ठरवायचे. पुढे गर्दी असली की कोणी लवकर घेतो, कोणी शेवटपर्यंत दाबून ठेवतो. जो घेतच नाही तो शेवटचा, मग तो रेषा सगळ्यांत आधी का ओलांडेना.

कोणी घेतला, कोणी नाही, हे लिहायला वळसा जिथे मुख्य वाटेला परत मिळतो तिथे पत्र्याची झोपडी होती. मेहुण्याला तिच्यात बसवायला चांगल्या अक्षराचा माणूस हवा होता.

"भाऊजी, तुम्हाला काही करायचं नाही. बसायचं, बघायचं, लिहायचं. वाचनालयात तरी दुसरं काय करता?"

"मला गाड्यांतलं काही कळत नाही रे."

"म्हणूनच. ज्यांना कळतं ते गाड्या बघत बसतात, लिहायचं विसरतात."

मला गाड्यांतले खरोखरच काही कळत नव्हते. आजही मी बॉनेट आणि डिकी यांत फरक करतो तो दिव्यांच्या रंगावरून. पण त्यांचे वर्ग मात्र मला पहिल्याच दिवशी आवडले. चारही चाकांना जोर असलेल्या मोठ्या गाड्या, त्यांच्या दारावर निळी पाटी. मागच्या चाकांवर पळणाऱ्या, वळणावर शेपूट टाकत जाणाऱ्या गाड्यांना पांढरी पाटी. पुढच्या चाकांवर ओढल्या जाणाऱ्या सोळाशे सीसीच्या छोट्या गाड्या, त्यांना पिवळी. नळ्यांचा पिंजरा करून त्यात मोटारसायकलचे इंजिन बसवलेल्या, कुठल्याच कंपनीच्या नसलेल्या, त्यांना हिरवी. प्रत्येक वर्गाचे नंबर एकपासून सुरू. पुस्तकाच्या पाठीवर विषयाचा क्रमांक आणि त्याखाली लेखकाचा असतो तसेच हे, रंग पाहायचा आणि मग आकडा. दोन वर्गांत एकच आकडा असला तरी बिघडत नाही, कारण दोन वर्ग कधी एकत्र धावत नाहीत.

त्या रविवारी धावले.

छोट्या गाड्यांतल्या बऱ्याच सकाळपासून मोडून पडल्या आणि फायनलला तीनच उरल्या. मागच्या चाकांच्याही तीनच होत्या. शिट्टीने दोन्ही वर्ग एकत्र सोडायचे ठरवले, निकाल वेगळे लावायचे. कर्ण्यावरून तसे सांगितलेही. सहा गाड्यांची यादी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावली होती. मी ती पाहायला निघालो होतो, पण फळ्यापुढे चालक, त्यांचे मित्र, मेकॅनिक असा घोळका होता. घोळक्यात खांदा घालून पुढे जाणे मला कधी जमलेले नाही. मी परत फिरलो. पाहिली असती तर सतरा नंबरच्या दोन गाड्या आहेत, एक पांढरी पाटी आणि एक पिवळी, हे मला कळले असते.

धूळ बसावी म्हणून टँकरने मातीवर पाणी मारले होते. पहिल्याच फेरीत सगळ्या पाट्यांना मातीचा एकच रंग आला.

झोपडीत माझ्यापुढे एक फळी, फळीवर छापील तक्ता, तक्त्याखाली कार्बन आणि कार्बनखाली दुसरा कागद. वरचा कार्यालयात जायचा, खालचा माझ्याकडे राहायचा. फेरी दुसरी: जोकरमधून सतरा आली. लिहिले. फेरी तिसरी: तीन गाड्या एकदम आल्या, दोन मुख्य वाटेवरून आणि एक वळशातून. माझ्या खिडकीवर चिखल उडाला. वळशातून आलेल्या गाडीवर सतरा दिसले. लिहिले. लिहून झाल्यावर वरच्या ओळीकडे नजर गेली, तिथे सतरा आधीच होता.

एकच गाडी जोकर दोनदा कशाला घेईल? चार सेकंद मुद्दाम कोण घालवेल? तेव्हा चूक माझीच असणार, असे मी ठरवले. मुख्य वाटेवरची सतरा मला चिखलात वळशातून आल्यासारखी वाटली असणार. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दाखल-नोंदवहीत एक पुस्तक दोनदा चढवले होते, आणि थोरल्या ग्रंथपालांनी वाचकांनी भरलेल्या दालनात ते मोठ्याने वाचून दाखवले होते, दोन्ही वेळा. तेव्हापासून एखादी गोष्ट दुसऱ्यांदा लिहिलेली दिसली की माझा हात आपोआप खोडरबराकडे जातो. मी तिसऱ्या फेरीतला सतरा पुसला. स्वच्छ पुसला, वरून फुंकर घातली.

शर्यत संपल्यावर दहा मिनिटांनी वॉकीटॉकी खरखरली.

"भाऊजी, सतरा किती वेळा?"

"एकदा."

"कितव्या फेरीत?"

"दुसऱ्या."

"नक्की ना? इथे एक मुलगी भांडतेय."

आयुष्यात फार कमी वेळा मी 'नक्की' हा शब्द वापरला आहे. त्या दिवशी वापरला.

दुसऱ्या फेरीत जोकर घेणारा पांढऱ्या पाटीचा सतरा होता. तो एक बेकरीवाला. त्याने लगेच सांगितले, हो, मी दुसऱ्या फेरीत. मुलगी तिसरी फेरी म्हणत होती आणि तिसऱ्या फेरीपुढे तक्ता कोरा होता. तिने छोट्या गाड्यांत रेषा सगळ्यांच्या आधी ओलांडली होती, तिला तिसरी केली. कप एका दाताच्या डॉक्टराला मिळाला. निकालाचा कागद भिंतीवर लागला, हरकतीचा अर्धा तास उलटला. शिट्टी चार लोकांना म्हणाला, आमच्या भाऊजींचा तक्ता बघा, छापल्यासारखा.

पत्र गुरुवारी वाचनालयाच्या पत्त्यावर आले. ते वाचून मी खालचा कागद काढला. खोडरबराने वरचे पुसते. कार्बनचे राहते. दुसऱ्या फेरीत सतरा आणि तिसऱ्या फेरीत सतरा, एकाखाली एक, माझ्याच अक्षरात.

संध्याकाळी मी मेहुण्याकडे गेलो. त्याने कागद उजेडात धरला, यादी काढून पाहिली आणि गळ्यातल्या शिट्टीशी खेळत बसला.

"हरकतीला अर्धा तास असतो, भाऊजी. आज गुरुवार आहे."

"पण ती बरोबर होती."

"असेल. आता डॉक्टरच्या घरी जाऊन कप मागू? त्यानं दवाखान्यात ठेवलाय तो, पेशंट बघतात."

"कप नकोच म्हणतेय ती. दोन ओळी मागतेय."

"मग लिहा दोन ओळी. मी कुठे हात धरलाय?"

त्याने हात धरला नव्हता हे खरे आहे. मी लिहायला बसलो. पहिला मसुदा साडेचार पानांचा झाला, त्यात एक पान कार्बन कागदाविषयी होते. दुसऱ्यात क्षमा इतक्या वेळा मागितली होती की चूक नेमकी काय झाली ते शेवटपर्यंत कळत नव्हते. तिसरा बरा होता, पण तो होईपर्यंत महिना गेला होता, आणि उशीर का झाला याचे कारण लिहायला चौथा सुरू करावा लागला. मग हंगाम संपला. मी मेहुण्याला सांगितले की डोळे साथ देत नाहीत, झोपडीत दुसरा माणूस बघ. त्याने क्लबतर्फे मला पेन दिले. पत्र आणि खालचा कागद मी एका जाड शब्दकोशात ठेवले.

यंदा क्लबला पंचवीस वर्षे झाली. मेहुणा आता अध्यक्ष आहे, शिट्टी मात्र तीच. एके दिवशी घरी आला आणि टेबलावर कागदांचा गठ्ठा टाकला.

"पुस्तिका छापायचीय. दरवर्षी प्रत्येक वर्गात कोण जिंकलं. ते तुम्हीच करा, ताईपण म्हणते घरी नुसते बसून असतात."

"मी असं म्हटलं नाही," आतून बायको म्हणाली. "मी म्हटलं, नुसते बसून असतात आणि वर दमतात."

गठ्ठ्यातल्या त्या वर्षाच्या कागदावर छोट्या गाड्यांपुढे दाताच्या डॉक्टराचे नाव होते. मी बाकीची चोवीस वर्षे आधी पूर्ण केली. मग वर्गांची आताची नावे एकदा पाहून घ्यावीत, असे कारण स्वतःला देऊन रविवारी खाणीवर गेलो.

वर्ग खरेच बदलले होते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा नवा वर्ग होता. त्या सुटताना फक्त खडी उडाल्याचा आवाज येतो, आणि प्रेक्षक टाळ्या कधी वाजवायच्या या विचारात पडतात. पिंजऱ्याच्या गाड्या दुपटीने वाढल्या होत्या. आणि शेवटी एक वर्ग जुन्या गाड्यांचा, ज्या पूर्वी दुसऱ्या कुठल्या वर्गात होत्या आणि आता वयामुळे एकत्र आल्या आहेत. त्यांची पाटी करड्या रंगाची.

गाड्या उभ्या करायच्या मैदानात मी करड्या पाट्यांच्या रांगेतून वहीत नावे टिपत चाललो होतो. एका लाल गाडीपाशी घडीच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता, मांडीवर काठी. दारावर सतरा. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, बूट ग्रीसने काळे.

"काय लिहिताय?" म्हाताऱ्याने विचारले.

"क्लबची पुस्तिका आहे. वर्ग बघतोय."

"मग नीट लिहा. ही गाडी मी हातानं बांधलीय. पत्रासुद्धा घरी ठोकलाय. मला मिस्त्री म्हणतात, कोणालाही विचारा. पूर्वी छोट्या गाड्यांत होती ही. जिंकणाऱ्यांच्या यादीत आमचं नाव नाही सापडायचं तुम्हाला. असायला हवं होतं." त्यांनी काठीने त्या पायांकडे खूण केली. "बाईसाहेबांनी घालवलं. सगळ्यांच्या पुढे होती, सगळ्यांच्या! आणि जोकर घ्यायलाच विसरली."

"ऐकतेय मी," गाडीखालून आवाज आला.

"ऐक की. नवीन काय सांगतोय?"

"तेच म्हणतेय. काहीतरी नवीन सांगा."

मिस्त्री खूश होऊन हसले. गोष्ट अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली होती, आणि टोमणे कुठे यायचे ते दोघांनाही पाठ होते. त्यांनी मला गाडीत डोकवायला लावले. चालकापुढच्या पट्टीवर एक पिवळे पडलेले लेबल चिकटवलेले होते: 'जोकर घेतला का?'

"हे तिच्यासाठी लावलं होतं. मग तिनं चालवणंच सोडलं. आता भाचा चालवतो."

"त्या अजिबातच चालवत नाहीत?"

"चालवते ना. गॅरेजपर्यंत." ते पुन्हा हसले. "हात सोन्याचे आहेत हो तिचे. इंजिन नुसतं ऐकून सांगते काय दुखतंय. फक्त डोक्याला एक भोक."

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत मोठ्या गाड्यांची इंजिने सुरू झाली आणि बोलणे अशक्य झाले. गाडीखालची बाई सरपटत बाहेर आली. चाळिशी ओलांडलेली, केस रुमालात बांधलेले. तिने हात पुसले, माझ्याकडे पाहिले, बॉनेट उघडले आणि टॉर्च माझ्या हातात दिला. धरा, अशी खूण केली. मी धरला. आवाज जरा उतरला तेव्हा ती वर न बघता म्हणाली,

"तुम्ही झोपडीतले."

"हो."

"पत्र मिळालं होतं?"

"हो."

"मला वाटलंच. पत्ता बरोबर होता."

ती पाना फिरवत राहिली. मिस्त्री खुर्चीतून कोणाला तरी हाक मारत होते.

"पहिली दोन वर्षं भांडले मी त्यांच्याशी," ती म्हणाली. "जेवताना, कामावर, सगळीकडे. आई म्हणायची, अगं बाई, म्हण की विसरले, तुझं काय जातंय. मग एकदा म्हटलं, बरं बाबा, विसरले असेन. त्या दिवसापासून घरात शांतता. त्यांचाही राग गेला, गंमत झाली त्याची." पाना अडला, तिने दोन्ही हातांनी जोर लावला. "आता खरं सांगू? आता मलाच आठवत नाही. वळसा आठवतो, चिखल आठवतो. पण तो त्या दिवसाचा की सरावाचा, काय माहीत. विसरले असेनसुद्धा. टॉर्च जरा वर."

मी टॉर्च वर धरला.

"तो कार्बनचा..." मी म्हणालो.

"काय?"

"कार्बनचा कागद माझ्याकडे..."

"ताई, झालं का?" हेल्मेट हातात घेऊन भाचा धावत आला. "बोलावलंय. सेमीफायनल आपलीच."

तिने बॉनेट आदळले, टॉर्च माझ्या हातातून काढून घेतला आणि भाच्याच्या खांद्याचे पट्टे आवळायला लागली. मी वाक्य पूर्ण करायला हवे होते. त्याला चार शब्द पुरले असते. पण मागून दुसऱ्या गाड्या हलू लागल्या होत्या, मी वाटेत उभा होतो, आणि मी बाजूला झालो.

शर्यत मी कुंपणाशी उभा राहून पाहिली. ती दोघे माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होती, मिस्त्री काठीवर रेलून. लाल गाडी चांगली सुटली. सेमीफायनलही आता सहा फेऱ्यांचीच असते. सवय कुठे जाते, मी बोटांवर मोजत होतो. पहिल्या फेरीत बारा नंबर वळशात गेला. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात दोघे. लाल गाडी दुसऱ्या नंबरावर होती, पुढच्या गाडीला चिकटून. चौथ्या फेरीत फाट्यापाशी आली आणि सरळ गेली. पाचव्यात पुढची गाडी वळशात वळली, लाल गाडी सरळ. आता ती सगळ्यांच्या पुढे होती आणि तिच्यापुढे मोकळी वाट. सहाव्यातही सरळ गेली. भाचा पहिला आला, खिडकीतून हात बाहेर काढून.

कर्ण्यावरून सतरा नंबर शेवटचा असल्याचे सांगितले, तोपर्यंत तो गाडी घेऊन परत आला होता. उतरून मिस्त्रींसमोर उभा राहिला. हेल्मेटमुळे केस चपटे झालेले.

"मामा, डोळ्यासमोर लेबल होतं. तरी..."

"होतं रे असं." मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मोकळी वाट दिसली की कोणाचंही भान जातं. पुढच्या वेळी. चल, पाणी पी आधी."

मिस्त्रींची मुलगी बॉनेटला टेकून उभी होती. तिने हातातली चिंधी घडी केली, घडीची पुन्हा घडी केली आणि खिशात ठेवली.

"ते लेबल काढून टाकू का आता?" तिने विचारले.

"राहू दे की," मिस्त्री म्हणाले. "गमतीचं आहे."

तिने जॅक उचलला आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली.

मी तसाच कार्यालयाकडे वळलो. मेहुणा निकालांच्या कागदांवर सह्या करत होता.

"एकोणीस वर्षांपूर्वीच्या छोट्या गाड्यांपुढे काय छापू?" मी विचारले.

त्याला लगेच कळले. पेन खाली ठेवले. "जो निकाल लागला तो. ते आता कशाला उकरून काढताय?"

"निकाल तोच छापतो. मागे शुद्धिपत्र जोडतो."

"भाऊजी, शुद्धिपत्र कोण वाचतं?"

"मी वाचतो."

"तुम्ही सोडून?"

"त्यात माझं नाव असणार. तुझं नाही घालत."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर विजेच्या गाड्या सुटल्या. खडी उडाल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने टाळ्यांचा.

"माझंही घाला," तो म्हणाला. "यादी मीच लावली होती. दोन सतरा लावताना मलाही दिसले नाहीत. पण लहान अक्षरात हं."

घरी आल्यावर शब्दकोश काढला. कागदाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, आकडे मात्र होते तसे होते. मी लिहायला बसलो. बायकोने दोनदा चहा आणून ठेवला, तिसऱ्यांदा खुर्ची ओढून समोर बसली. तिला मी सगळे आधी कधी सांगितले नव्हते. आता सांगितले. तिने जॉबकार्डावरचे पत्र वाचले, मग माझी पाने हातात घेऊन मोजली.

"अहो, सहा?"

"थोडी पार्श्वभूमी द्यावी लागते."

"तिनं किती मागितल्या होत्या?"

"दोन ओळी."

"मग?"

मी सहा पाने बाजूला ठेवली आणि नवा कागद घेतला.

'मिस्त्री यांस, आपल्या मुलीने एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या फायनलमध्ये तिसऱ्या फेरीत जोकर घेतला होता. मी तो पाहिला, लिहिला, आणि मग माझीच चूक झाली असे समजून पुसला. सोबत कार्बनची प्रत आहे, तीत दोन्ही सतरा दिसतात. एक बेकरीवाल्याचा आणि दुसरा तिचा. ती विसरली नव्हती. तिने मला तेव्हाच विचारले होते. उत्तर मी दिले नाही.'

"दोनाच्या पाच झाल्या," बायको म्हणाली. "चालतील. सही करा."

मी सही केली. कार्बनचा कागद पाकिटात घालताना हात थांबला.

"ही एकच प्रत आहे. एखादी झेरॉक्स काढून ठेवावी का?"

"कशाला? परत पुसायला?"

पाकिटावर पत्ता मिस्त्रींच्या नावाने लिहिला, जॉबकार्डावर छापला होता तसाच. गॅरेज अजून तिथेच आहे का, असा विचार मनात आला, पण भाच्याच्या डगल्यावर पाठीमागे हाच पत्ता छापलेला मी त्याच दिवशी पाहिला होता. पुसट पडेल म्हणून पिन कोड पुन्हा गिरवला.

दुसऱ्या दिवशी टपाल कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईने पाकीट तोलून पाहिले.

"साधं की रजिस्टर, काका?"

"कुठलं लवकर जातं?"

"गावातलंच आहे. साधंही उद्या पोचेल. रजिस्टरला ज्याच्या नावे आहे त्याची सही घेतात."

"पाकीट तेच फोडतात," मी म्हणालो.

"मग साधं चालेल." तिने तिकीट फाडून दिले. "बाहेरच्या पेटीत टाका. तीनला निघते."

पावणेतीन झाले होते. तिकीट लावले, दाबून धरले. पत्ता एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायला लागलो, तेव्हा पेटीजवळ एक बाई आपले पत्र हातात घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"तुमचं झालं का?" तिने विचारले.

"हो," मी म्हणालो, आणि पाकीट आत सोडले.